वायरमनचं परमिट

दिवेलागणीला आमचं घर बें बें करायचं.

आमचं म्हणजे मी ज्याच्या माडीवर भाड्याने राहत होतो ते. अवसरी खुर्दच्या कॉलेजात मी तेव्हा तासिका तत्त्वावर इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होतो. खोली बघायला गेलो आणि बॅग खाली ठेवतोय तोवर परसदारी वीसेक मेंढ्या एकदम ओरडल्या. गळ्यातल्या घुंगरांचा आवाज, मधूनच एखाद्या कोकराचा चिरका स्वर, सगळं साग्रसंगीत. खिडकीतून वाकून पाहिलं तर परसात एकही मेंढरू नव्हतं. पाण्याची टाकी, तुळस आणि पडवीच्या खांबाला ठोकलेला श्रीखंडाचा रिकामा डबा. मेंढ्या त्या डब्यात होत्या.

पडवीत एक म्हातारी उभी होती. पदर कमरेला खोचून, एक हात पुढे करून ती बोटाने हवेत काहीतरी मोजत होती. मोजून झाल्यावर म्हणाली, "आल्या समद्या," आणि आत चहाला निघून गेली. डबा गप्प झाला.

"आवाज लई न्हाई ना?" घरमालकांनी मला विचारलं. मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. खोली मात्र घेतली, कारण कॉलेजच्या जवळपास दुसरी मिळत नव्हती.

अख्खं गाव त्यांना वायरमन म्हणायचं. जन्मभर विजेच्या खांबांवर चढून निवृत्त झालेला माणूस, तेव्हा त्यात नवल नाही. नवल हे, की त्यांना तसंच म्हणवून घ्यायचं होतं. मी रीतीप्रमाणे "काका" म्हणालो तर त्यांनी हातानेच थांबवलं. "काका नाय. वायरमन म्हणा. घरात तर वायरमनच म्हणा." मला वाटलं, असतो एकेकाला आपल्या नोकरीचा अभिमान. त्यांच्या बायकोला मात्र काकू म्हटलेलं चालायचं.

अंगाने वाळके, उंच. डाव्या कानावर टेस्टर. पायात रबरी तळव्याचे बूट, ते घरातसुद्धा. देवापुढे तेवढे काढायचे, पण तेव्हाही लाकडी पाटावर उभं राहून हात जोडायचे. देवाच्या दिव्याची माळ आपणच जोडली आहे आणि अर्थिंगचा भरवसा देवालाही नसावा, असं त्यांचं म्हणणं. खूश असले की मला "भाऊ" म्हणत आणि रागावले की "सर". पहिल्या महिन्यात मी बहुतेक वेळा सरच होतो.

कारण एकदा मी पुण्याहून एक बल्ब आणला होता. फोनवरून रंग बदलणारा, चांगल्या कंपनीचा. मोठ्या हौसेने लावून दाखवला. वायरमन म्हणाले, "सर, ह्यो पेटायच्या आदी कुणाला इचारतो?"

मी म्हणालो, "कंपनीच्या सर्व्हरला."

"त्यो कुटं हाये?"

"असेल कुठेतरी परदेशात."

"म्हंजी माज्या घरात दिवा लावायला परदेशातल्या माणसाची परवानगी. उतरवा खाली."

मी एम.टेक. झालेला. उतरवला.

त्यांचं स्वतःचं घर चालत होतं ते एका जुन्या कॉम्प्युटरवर. मंचरला बंद पडलेल्या सायबर कॅफेतून तो त्यांनी उचलला होता आणि दूध ठेवायच्या जाळीच्या कपाटात मांडला होता. आत वारं खेळतं आणि पाल शिरत नाही, हा हिशेब. त्या कॉम्प्युटरला ते "सबस्टेशन" म्हणत. त्यावर इंटरनेटवरून घेतलेली ओपन सोर्स प्रणाली घातलेली होती. ती कुणाच्या मालकीची नाही, कुणालाही घेता येते, बदलता येते. घरातला प्रत्येक दिवा, पंखा, पाण्याची मोटर, दाराचं कुलूप आणि श्रीखंडाच्या डब्यातल्या मेंढ्या, सगळं तिच्या हुकमावर. साठी उलटल्यावर हा माणूस हे शिकला होता. कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांना मोडक्या इंग्रजीत प्रश्न विचारून, त्यांची उत्तरं शाळेच्या वहीत उतरवून घेऊन. "आपल्या मीटरच्या पेटीसारकं हाये," ते म्हणत. "झाकण काढलं की आत काय ते दिसतंय. ज्याचं झाकण निघत नाय त्या पेटीवर मी जीव टाकत नाय."

हे नुसतं तत्त्वज्ञान नव्हतं हे मला पुढे कळलं. काकूंना विसरण्याचा आजार होता. आधी मीठ विसरल्या, मग माणसं, मग स्वतःचं घर. त्या घराबाहेर निघून जाऊ नयेत म्हणून पुण्याच्या भाच्याने दिवाळीत एक कंपनीचं कुलूप बसवून दिलं होतं, फोनवरून चालणारं. एकदा वायरमन दळण आणायला गेले आणि परत आले तर दार उघडेना. फोनवर नुसतं चाक फिरतंय. कंपनीचाच सर्व्हर बंद. आत काकू दारावर थापा मारत होत्या, रडत होत्या, आणि हे बाहेर उभे. शेवटी शेजाऱ्याची पहार आणून दार फोडलं. दार उघडलं तेव्हा काकूंच्या हाताची कातडी सोलवटली होती आणि त्यांनी नवऱ्याकडे पाहून विचारलं होतं, "कोन तुमी?"

त्या दिवसापासून त्यांना नवरा ओळखू येईना. पण खाकी शर्ट आणि कानावरचा टेस्टर पाहून त्या म्हणाल्या, "वायरमन आलाय जनू. त्याला च्या द्या." वायरमनला घरात घ्यायला त्यांची हरकत नव्हती. परक्या पुरुषाला त्यांनी घेतलं नसतं.

म्हणून ते निवृत्तीनंतरही खाकी शर्ट घालत होते. म्हणून घरात मी काका म्हणायचं नव्हतं. हे मला शेजारच्या बापूंनी सांगितलं. त्या दिवशी संध्याकाळी मी जेवलो नाही.

आता मेंढ्यांचं. काकूंचं माहेर मेंढरं राखणारं. लहानपणी दिवस मावळायला आला की मेंढरं परतायची, आणि मेंढरं कोंडायच्या जाळीच्या तोंडाशी उभं राहून ती मोजून आत घ्यायची हे यांचं काम. बाकी सगळं विसरल्या तरी ते शरीरात राहिलं होतं. ऊन उतरलं की त्या उठत, दाराशी जात. "मेंढरं आली न्हाईत अजून," म्हणत आणि हाताला लागेल ते कुलूप ओढत. आणि बाहेर काय होतं? अंगणापलीकडे बापूंचा चार एकर ऊस, माणसाच्या दुप्पट वाढलेला. आमच्या जुन्नर-आंबेगावच्या उसात कोण राहतं हे सांगायला नको. त्या हिवाळ्यात बापूंचं वासरू गेलं होतं, दोन कुत्री गेली होती, आणि वनखात्याचा पिंजरा ओढ्याच्या कडेला आठवडाभर रिकामाच उभा होता. दिवस कलल्यावर त्या बांधावरून कुणी एकटं चालत नसे.

तेव्हा वायरमननी मेंढ्याच घरी आणल्या. काकूंच्या भावाचा कळप अजून आहे. त्याच्याकडे दोन दिवस राहून त्यांनी आवाज टिपून घेतला. सूर्य कधी मावळतो हे सबस्टेशन रोज स्वतः मोजायचं, आणि त्याआधी दहा मिनिटं डबा सुरू व्हायचा. काकू पडवीत जाऊन मोजायच्या. आल्या समद्या. मग रात्रभर शांत.

आवाज किती ठेवायचा हे त्यांनी फार विचाराने ठरवलं होतं. स्वतः उसाच्या कडेला जाऊन उभे राहिले, मला डब्यापाशी ठेवलं आणि हातवारे करून आवाज कमी कमी करायला लावला. तिथे त्यांना ऐकू येईनासा झाला तेव्हा थांबले. "मेंढराचा आवाज आपल्याला ग्वाड लागतो," ते परतल्यावर म्हणाले, "तसा त्यालाबी लागतो."

आता परमिट.

लाइनवर चढायच्या आधी वायरमन सबस्टेशनकडून परमिट घेतो. म्हणजे अमुक लाइन बंद केली आहे, आणि मी खाली उतरून स्वतः सांगेपर्यंत ती कुणीही चालू करायची नाही. ज्याने परमिट घेतलं त्यानेच परत करायचं. साहेब आला, मंत्री आला, गाव अंधारात बसलं, तरी दुसऱ्या कुणी करायचं नाही. हा नियम वायरमननी जसाच्या तसा घरात आणला होता. दारामागे एक लाकडी फळी, तिच्यावर तीन लाल दिवे: एक त्यांचा, एक माझा, एक बापूंचा. आम्हा तिघांकडे नाण्याएवढा एकेक बिल्ला. फळीवर, किंवा बाहेरून कुलपावर, बिल्ला एकदा टेकवला की दार उघडायचं आणि मागे आपोआप लागायचं. पण दार उघडं ठेवून काही काम करायचं असेल, तर फळीवर तीनदा टेकवून परमिट घ्यायचं आणि काम झालं की तसंच तीनदा टेकवून परत करायचं. मग आपला लाल दिवा लागायचा आणि घर हात बांधून बसायचं. कुलूप लागणार नाही, घंटा वाजणार नाही, मोटर, पंखे, सगळं आपापल्या जागी मुकाट.

"मेंढ्यासुद्धा?" मी विचारलं होतं.

"समदं. काम चालू आसताना घरातली एक वस्तू आपल्या मनानं हालता कामा नये."

"पण एखादा परत करायला विसरला तर? तुमच्या फोनवरून तुम्हाला ते रद्द करता यायला हवं."

"तशी सोय मी ठेवलेली नाय, सर. आन् ठेवनार नाय."

मला तेव्हा तो हट्ट वाटला. वर्गात मी पोरांना अशाच गोष्टीचे मार्क कापतो.

एरवी चार वाजल्यानंतर वायरमन घर सोडत नसत. कुणाचं लग्न असो, मयत असो. त्या दिवशी मात्र इन्व्हर्टरची बॅटरी गेली होती आणि आळेफाट्याच्या गॅरेजवाल्याने दुपारनंतर बोलावलं होतं. ते दारात घुटमळत होते. मीच म्हणालो, "जा तुम्ही निवांत. मी आहे घरी." त्यांनी दोनदा विचारलं. मी दोनदा सांगितलं.

साडेचारला माझं लोखंडी टेबल घेऊन टेम्पो आला. दार उघडं ठेवायला मी परमिट घेतलं. माझा लाल दिवा लागला. टेबल वर चढवलं, टेम्पोवाला गेला, आणि तेवढ्यात कॉलेजातून फोन: उद्या येणारे परीक्षक आजच आले आहेत, तोंडी परीक्षा सुरू करायची आहे, ताबडतोब या. काकू आत झोपल्या होत्या. मी मनाशी म्हणालो, तासाभरात येतो. दार ओढून घेतलं. ते लागल्यासारखं दिसलं. परमिट चालू असताना ते लागत नाही, हे मला माहीत होतं. माहीत असून त्या क्षणी डोक्यात आलं नाही, एवढंच मी माझ्या बाजूने सांगू शकतो.

लॅबमध्ये मी एका पोराला रिले म्हणजे काय हे विचारत होतो. त्याला येत नव्हतं. मी वैतागून खिडकीकडे पाहिलं. ऊन भिंतीवरून सरकत पार छतापाशी गेलं होतं, तांबडं झालं होतं. आणि एकदम लक्षात आलं की आज घरात मेंढ्या येणार नाहीत. मीच त्या अडवून आलोय.

परीक्षकांना काय सांगितलं ते आठवत नाही. गाडी कशी चालवली तेही नाही.

दार वीतभर उघडं होतं. आत माझा लाल दिवा जळत होता. "काकू," मी हाक मारली. खोली, स्वयंपाकघर, मोरी, पडवी. पडवीत त्यांची गोधडी होती. मी धावत बाहेर आलो. बापू गोठ्यात धार काढत होते. त्यांनी मला पाहिलं आणि काही न विचारता चरवी खाली ठेवली.

पाटाच्या ओल्या मातीत, उसाच्या अगदी कडेला, काकूंची एक चप्पल सापडली. टोक आतल्या दिशेला होतं.

आम्ही दोघांनी हाका मारल्या. काकू, वहिनी, नावाने, सगळं. उसातून काही येत नव्हतं. येणार कसं, त्यांना स्वतःचं नाव कुठे आठवत होतं? बापूंनी ट्रॅक्टर आणून त्याचे दिवे उसावर टाकले. अजून पुरता अंधार पडला नव्हता, पण पात्यांच्या आत दोन हातांपलीकडे काही दिसेना. मी आत शिरायला निघालो तर बापूंनी माझी कॉलर धरली. "आत शिरून चार एकरात कुटं हुडकणार? दुसरा गेला म्हंजी दोन गेले."

मी वायरमनना फोन लावला. मागे वाहनांचा आवाज होता. मंचर ओलांडून ते निघालेच होते.

"काकू घरात नाहीत," मी म्हणालो. "उसात गेल्यात. मी परमिट घेऊन कॉलेजला गेलो. चूक माझी आहे."

पलीकडे गाडी थांबल्याचा आवाज आला. मला वाटलं आता शिव्या येतील. आल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"फोनवर दिसत व्हतं तुमचं परमिट," ते म्हणाले. "म्हनून तर मी निवांत व्हतो. सर घरात हायेत म्हनलं." मग म्हणाले, "बिल्ला हाये?"

"आहे."

"परमिट परत करा. दिस मावळायचं काम तटलंय, ते सबस्टेशन पयलं करंल. मी आवाज गच्चीवरच्या भोंग्यावर घेतो."

गच्चीवरचा भोंगा बिबट्याला हुसकवायला लावलेला होता. अर्ध्या गावाला ऐकू जाईल असा. फोनचा स्पीकर चालू होता, बापूंनी ऐकलं आणि ते ओरडलेच, "आरं येड लागलं का रं? त्याला जेवायला बोलावल्यागत व्हईल. मेंढराच्या आवाजाला त्यो आदी येईल!"

मी फोन दोन्ही हातांनी धरला होता. मला त्या माणसाचा श्वास ऐकू येत होता. मला मनापासून वाटत होतं की त्यांनी नको म्हणावं. आणि त्याच वेळी हेही कळत होतं की दुसरा काहीच इलाज नाही.

"ती आदी येईल," वायरमन म्हणाले. "मेंढरं वरडली की ती पळत येती. ल्हानपनापास्नं. करा परत, सर."

मी घराकडे पळालो. बिल्ला फळीवर टेकवला, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा लाल दिवा विझला. मागे कुलूप खट्कन लागलं आणि मी पडवीच्या उंच कठड्यावरून उडी मारून बाहेर पडेपर्यंत डोक्यावर मेंढ्या ओरडायला लागल्या.

रोज श्रीखंडाच्या डब्यातून येणारा तोच आवाज. पण एवढा मोठा झाल्यावर तो मला ओळखू येईना. शिवारभर कळप पसरल्यासारखं वाटत होतं. कुणाचं तरी कुत्रं भुंकायला लागलं आणि लगेच गप्प झालं. ते गप्प होणं मला आवडलं नाही.

बापू ट्रॅक्टरवर पहार घेऊन उभे. मी बांधावर. काहीच हलत नव्हतं. मग डाव्या हाताला, ओढ्याच्या बाजूला, उसाची पाती हलली. वारा नव्हता. थांबली. पुन्हा हलली, थोडी अलीकडे. बापूंनी मान न वळवता मला हाताने मागे सरकायची खूण केली. आणि तेवढ्यात उजवीकडेही पाती हलायला लागली, घाईघाईने, मोडत, सरळ आमच्या दिशेने.

दोन बाजूंनी दोन जण येत होते आणि कोण कुठलं ते कळत नव्हतं.

उजवीकडून काकू बाहेर आल्या. हातांना, गालांना पात्यांनी कापलेलं, एक पाय अनवाणी, पदर खोचलेला. दोन्ही हात पसरून त्या पुढ्यातल्या कळपाला हाकत होत्या, "हुर्र, हुर्र," करत. मी त्यांचा हात धरला तो दोन्ही हातांनी. डावीकडची पाती हलायची थांबली होती. बापूंनी ट्रॅक्टर तिकडे वळवला आणि पहारीने पत्रा बडवत राहिले.

दाराशी आलो तर काकू माझ्यावरच उखडल्या. "दार का लावलंय? मेंढरं बाहीर ऱ्हायली न्हवं!"

मी बिल्ला टेकवला. त्या पडवीत जाऊन उभ्या राहिल्या आणि बोटाने मोजायला लागल्या. मी जमिनीवर बसून रडलो. मला वाटत नाही त्यांनी ते पाहिलं असेल. त्या मोजत होत्या.

सकाळी वनखात्याच्या माणसाने पाटातले ठसे दाखवले. काकूंची चप्पल सापडली तिथून दहा पावलांवर. नंतर कितीतरी दिवस मी त्या बाजूची खिडकी उघडली नाही.

पण आधी त्या संध्याकाळचं. वायरमन आले, काकूंकडे गेले. "कोन?" त्या म्हणाल्या. "वायरमन," ते म्हणाले. त्यांच्या जखमांना हळद लावली, चहा घेतला, आणि मग फळीसमोर येऊन उभे राहिले. मी बॅग भरून खाली आणली होती.

"कुटं निगाला?"

"तुम्हीच सांगाल म्हणून."

ते फळीवरून हात फिरवत होते. "माजा एक जोडीदार व्हता लाइनीवर. आवसंच्या राती भर पावसात दोघं दोन खांबांवर. परमिट त्याच्या नावानं. मी आदी उतरलो. मला वाटलं त्योबी उतरला, चाचपत येतोय मागनं. पाऊस लई व्हता, गाव तासातासाला फोन करीत व्हतं. मी म्हनलं, त्याचा हेलपाटा वाचंल. त्याचं परमिट मी परत केलं." त्यांनी माझ्या विझलेल्या दिव्यावर बोट ठेवलं. "त्यो उतरला न्हवता."

मी हातातली बॅग खाली ठेवली.

"तुमी परमिट इसरला. मी दुसऱ्याचं परत केलं. उघड्या परमिटात मानूस परत यायची जागा तरी ऱ्हाती, सर." मग माझी बॅग उचलून जिन्याच्या पायरीवर ठेवली. "टेबल जड दिसतंय. खालनं विटा लावा, न्हाई तर फरशी तडकंल."

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रणालीत एकच बदल केला. माझ्यासमोर, चष्मा नाकावर ओढून, एकेक अक्षर शोधत. कुणाचंही परमिट चालू असो, मेंढ्या वेळेवर येतील. कोडच्या त्या ओळीवर त्यांनी टीप लिहिली, मराठीतच: मेंढरांना परमिट लागत नाही. आणि फळीवर चौथा लाल दिवा बसवला. त्याचा बिल्ला काळ्या दोऱ्यात ओवून काकूंच्या गळ्यात मंगळसूत्राशेजारी बांधला. "तीबी घरची मानूस हाये," ते म्हणाले. "तिलाबी नाव पायजे." त्या दिवसापासून मी पुन्हा भाऊ झालो. मला ते झेपत नव्हतं, पण ते झालो.

वर्षभराने मला दुसरीकडे कायम नोकरी लागली. फोन होत राहिले. काकू गेल्याचं बापूंकडून कळलं. मंचरच्या दवाखान्यात, छातीत कफ भरून. मी दोन महिन्यांनी जाऊ शकलो, लाज वाटावी इतक्या उशिरा.

दुपार कलली होती. दार सताड उघडं होतं. ज्या घराचं दार मी चोवीस तास बंद पाहिलं होतं ते. मी आत पाऊल टाकलं आणि फळीकडे पाहिलं. चौथा लाल दिवा जळत होता.

"दवाखान्यात न्यायला मानसं आली," वायरमन म्हणाले. ते अजून खाकी शर्टातच होते. आता कुणासाठी ते मी विचारलं नाही. "तिला झोळीत घातलं. दार उघडं ठेवायला लागनार. म्हनून तिचाच हात धरून तीन येळा टेकवला. तिला लई गंमत वाटली दिवा लागल्याची."

"आणि बिल्ला?"

त्यांनी शर्टाचा खिसा चाचपला. काळा दोरा बाहेर काढला, दाखवला, परत ठेवला. दवाखान्यातून मंगळसूत्राबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत मिळाला होता.

फळी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होती. तीनदा टेकवला असता की दिवा विझला असता, कुलूप लागलं असतं, घर पुन्हा चालू झालं असतं. दोन महिने त्यांच्या घरातली मोटर ते हाताने चालू करत होते, दिवे हाताने लावत होते. बाहेर ऊस पुन्हा वाढला होता.

"असं उघडं घर..." मी म्हणालो. "काहीही आत येईल."

"परमिट तिनं घेतलंय, भाऊ," ते म्हणाले. एवढंच.

आम्ही चहा घेतला. त्यांनी नोकरीचं विचारलं, मी सांगितलं. ऊन उतरलं आणि परसदारी मेंढ्या ओरडायला लागल्या. वायरमन बोलता बोलता उठले, पडवीत जाऊन उभे राहिले. एक हात पुढे करून त्यांनी बोटाने मोजायला सुरुवात केली. सगळं नीट मोजलं. मग म्हणाले, "आल्या समद्या," आणि येऊन बसले. डबा गप्प झाला.

अंधार पडायच्या आत निघायला हवं होतं. मी पाया पडलो, बाहेर आलो, आणि जुन्या सवयीने मागे दार ओढून घ्यायला हात घातला.

"ऱ्हाऊ द्या," आतून आवाज आला. "परमिट चालू हाये."